पंचेचाळीस ग्रॅमची टॉर्च

जळगावच्या आमच्या भटकंती गटात बँकेतले एक गृहस्थ आहेत. डोंगरात न्यायला छोटी टॉर्च निवडण्यात त्यांनी तीन महिने घालवले. दुकानात उजेड नंतर, आधी वजन विचारायचे. शेवटी ओळखीच्या सराफाकडे काट्यावर तोलून पंचेचाळीस ग्रॅमची पसंत केली. "चढावर ग्रॅम न् ग्रॅम जाणवतो, भाऊ," असं मला सांगताना त्यांच्या पाठीवर किलोभर शेव होती.

परवा सातपुड्यातली एक टेकडी उतरताना अंधारलं आणि आमच्यातल्या सर्वांत वडील अक्कांचा पाय मुरगळला. मी त्या गृहस्थांकडे टॉर्च मागितली.

"ही एका माणसापुरतीच आहे," ते शांतपणे म्हणाले. "मी खाली जाऊन वाट बघतो."

आणि खरंच गेले. माझ्या मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात अक्कांना धरून, बसत-उठत उतरायला आम्हाला तास लागला. गृहस्थ गाडीत बसले होते.

"वरून दिसला का माझा उजेड?" त्यांनी विचारलं.

"दिसला ना, भाऊ," अक्का दम खात म्हणाल्या. "लांब लांब जाताना दिसला."

त्यांनी खुशीत मान डोलावली. "लांबवर पडतो, म्हणून तर हीच घेतली."