बनुबाईची फिरती लाट

इस्लामपूरजवळच्या केरबा सुताराला जागचं हलवायचं म्हणजे घरादाराला घाम फुटायचा. डोकं मात्र सदा फिरतं असतं, असं तो स्वतःच सांगे. ऊस पिळायच्या चरकात जाड कांडं अडकलं की बैल थांबवावे लागत. पायानं पाचर दाबली तर लाट, म्हणजे चरकाचा रूळ, जरा मागं सरेल, ही युक्ती खरं तर चरकाला ऊस लावणाऱ्या त्याच्या बायकोची, बनुबाईची. शेचाळीस साली केरबा ती आपलीच म्हणून गुऱ्हाळभर मिरवू लागला, तशी बनुबाई चरकापासून उठली. सरकारी कागदावर आपलं नाव लागल्याशिवाय ऊस लावणार नाही म्हणाली.

ऐन हंगाम. केरबाचं धाबं दणाणलं. तो कोर्टासमोर अर्ज लिहिणाऱ्या आप्पासोंकडे गेला. आप्पासोंनी बनुबाईचं नाव आधी घातलं, मागून 'तिचा नवरा केरबा', आणि पेटंटाचा झकास इंग्रजी अर्ज कलकत्त्याला धाडला.

आता, चरकाच्या दोन लाटांना तिथं नवरा आणि नवरीच म्हणत. बैल नवऱ्याला फिरवतात, नवरा नवरीला. आप्पासोंनी इंग्रजीतही इमानेइतबारे शब्दाला शब्द ठेवला होता. कलकत्त्याहून उत्तर आलं, की नवऱ्याला बैल फिरवतात आणि पाय दाबताच नवरी मागं सरते, यात यंत्र कुठं आहे ते कळत नाही. चूक सुधारा, नाहीतर अर्ज निकाली काढू.

आप्पासो खजील झाले. जिथं नवरा दिसला तिथं त्यांनी 'फिरती लाट' घातली, एकही सोडला नाही. नवरीची केली 'सरकती लाट'.

पेटंट आलं तेव्हा आप्पासोंनी गुऱ्हाळावर येऊन ते मोठ्यानं मराठीत सांगितलं: युक्ती काढणारी बनुबाई, आणि तिची फिरती लाट केरबा.

लोक पोट धरून हसले, काहिलीतला रस उतू जायची वेळ आली. केरबा तोंड लपवत म्हणाला, उद्याच जाऊन दुरुस्ती करून आणतो. बनुबाईला मात्र भरून आलं होतं. तिनं आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि पदर खोचून चरकापाशी बसली.

"आवं, ऱ्हाऊ द्या की," ती नवऱ्याला म्हणाली. "बैलानं वढल्याबिगार हालत न्हाई, ह्ये कलकत्त्याला बी कळलं म्हनायचं."