एका ओळीचं उत्तर

आईने आयुष्यभर इतिहास शिकवला आणि सत्तरीला पोचल्यावर इतिहासातच नापास व्हायची पाळी तिने स्वतःहून ओढवून घेतली होती. निदान मला तरी तेव्हा तसंच वाटायचं, आणि मी तिच्यावर भयंकर वैतागले होते.

दोन हजार सात साल. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. मी एकुलती एक, म्हणून बाबा गेल्यावर आईला ग्रीन कार्डावर इकडे आणलं होतं. पण तिची धाकटी बहीण, माझी मावशी, मिरजेला एकटी होती. मावशीला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आईचं निम्मं चित्त तिकडेच असायचं. ती जायची, पण ग्रीन कार्डवाल्याला फार दिवस बाहेर राहता येत नाही. गेल्या खेपेला परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिला विचारलं होतं, तुम्ही नक्की राहता कुठे? पुन्हा मुक्काम लांबला तर कार्ड जाऊ शकतं, असं वकील म्हणाला. अमेरिकन नागरिक झाली तर मात्र मावशीजवळ हवं तितकं राहून परत आमच्याकडे येता येणार होतं. त्यासाठी एक मुलाखत आणि अमेरिकेच्या इतिहासाची तोंडी परीक्षा. प्रश्न सरकारनेच छापलेले, उत्तरंही त्यांनीच दिलेली. पाठ करायची आणि म्हणून दाखवायची.

तयारी माझी मुलगी करून घ्यायची. आई मेथी निवडत बसायची आणि नात प्रश्न विचारायची. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, झेंड्यावरचे पट्टे, सगळं बिनचूक. घोडं अडलं ते एकाच जागी. समुद्र ओलांडून आलेले ते इंग्रज पिलग्रिम्स अमेरिकेत का आले? छापील उत्तर होतं, धर्मस्वातंत्र्यासाठी.

"हे एक कारण झालं," आई म्हणाली. "बाकीची?"

"आजी, जस्ट से रिलिजस फ्रीडम. दॅट्स इट."

"अगं, जहाज काय नुसत्या प्रार्थनेवर चालतं? पैसे कोणी घातले? लंडनच्या व्यापाऱ्यांनी. त्यांना इकडची फर हवी होती, लाकूड हवं होतं. धर्माचं खोटं नाही, पण तेवढंच सांगायचं?"

हे मला नवीन नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या शाळेत मी आईच्याच वर्गात होते. इंग्रजांचा धडा आला की ती फळ्यावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला 'का आले', दुसऱ्या बाजूला 'कसे टिकले'. डावीकडे मसाले आणि कापड, पुढे त्यांच्या गिरण्यांना लागणारा कापूस, फ्रेंचांशी चढाओढ, घरच्या जमिनीत वाटा न मिळालेले धाकटे मुलगे, आणि आपण या लोकांना सुधारायला आलो आहोत हा मागाहून चिकटलेला समज. उजवीकडे मात्र जागा पुरायची नाही. आधी वखार, मग वखारीला तट, मग तटावर तोफा, मग शेजारच्या दोन राजांच्या भांडणात एकाला मदत. नुसतं 'व्यापारासाठी' लिहून मोकळ्या होणाऱ्या मुलीला ती अर्धा गुणही द्यायची नाही.

शेवटी मी भडकले. "आई, तुला पेपर तपासायचा नाहीये, द्यायचाय. आणि वाद घालून इंटरव्ह्यू फेल झाला तर मावशीचं काय?"

तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "पोरीसमोर मी हे कसं घोकू?" एवढंच म्हणाली. त्यानंतर तो प्रश्न आला की ती मेथीची नवी जुडी सोडायला घ्यायची आणि माझी मुलगी पुढचा प्रश्न वाचायची.

मुलाखतीच्या दिवशी मला आत जाता आलं नाही. मी बाहेरच्या खुर्चीत बसले होते. आईचा स्वभाव मला ठाऊक होता. एकदा तिने 'दुसरं कारण' म्हणून बोट वर केलं असतं, तर अधिकाऱ्याची धडगत नव्हती.

ती फार लवकर बाहेर आली. पास झाली होती.

"तो प्रश्न आला?"

"आला."

"मग?"

"सांगितलं. रिलिजस फ्रीडम."

मी सुटकेने हसले. ती हसली नाही. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि मला म्हणाली, "जरा थांब, गाडी एवढ्यात काढू नकोस." मग विचारलं, "तैनाती फौजेचा तास आठवतो तुला?"

न आठवून कसं चालेल? त्या तासाला एक मुलगी राजा होऊन बाईंच्या खुर्चीत बसायची, दुसरी कंपनीचा वकील. वकील म्हणायचा, तुमच्या रक्षणाला आमची फौज ठेवा, खर्च तुम्ही द्या, आमचा रेसिडेंट दरबारात बसेल, आम्हाला विचारल्याशिवाय कोणाशी तह करू नका. राजाने सही टाळायची वाट शोधायची. कोणालाच ती सापडायची नाही. सही झाली की आई सगळ्या वर्गासमोर म्हणायची, "राजे, राज्य विकलंत."

"मी मुलींना सांगायचे, सही करणारे हे राजे एक तर लोभी होते, नाही तर भित्रे," आई समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "घरात कोणी वाट बघत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. तो अधिकारी चांगला होता गं. पाणी हवं का विचारलं. कोणी धाक घातला नाही. मला तुझी मावशी दिसली आणि उत्तर आपलं आपण तोंडातून बाहेर पडलं. नीट, त्यांना हवं तसं."

मला तिची कणव आली आणि रागही आला. राग कोणावर, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिचा हात धरला. तो गार होता.

मिरजेला संध्याकाळ झाली असणार. मी कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवला. मावशीकडे कामाला येणाऱ्या बाईंनी फोन तिच्या कानाला लावला आणि मी स्पीकर सुरू केला. आईने निकाल सांगितला. मग सावकाश, वर्गात सांगायची तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अजून शपथ राहिलीय. तेव्हा भारताचं नागरिकत्व सोडायचं. मग अमेरिकन पासपोर्ट, त्यावर आपल्याकडचा व्हिसा. अमेरिकन झाले की लगेच येते तुझ्याकडे. मग राहते."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मावशीला शब्द जुळवायला वेळ लागायचा. आम्ही दोघी थांबलो.

"मग लवकर हो," मावशी म्हणाली.