बाईंचं जड स्टिअरिंग

गाडीच्या वायरिंगमधला दोष शोधण्यात डहाणूत माझा हात धरणारा कोणी नाही, असं २०१६ च्या सुमारास मला वाटायचं. त्याच तोऱ्यात मी बाईंचा अपराध केला.

बाई आगरला राहायच्या आणि झरीच्या शाळेत शिकवायच्या. पन्नाशीला आल्यावर गाडी शिकल्या होत्या आणि रोज स्वतः चालवत शाळेत जायच्या, याचा त्यांना केवढा अभिमान! एकदा यजमानांना घेऊन गॅरेजवर आल्या. "दादा, सकाळी अंगणातून गाडी वळवताना स्टिअरिंग दगडासारखं होतं. पिवळा दिवाही लागतो. रस्त्याला लागलं की सगळं ठीक."

मी स्कॅनर लावला. व्होल्टेज कमी पडल्याची नोंद दिसली. बॅटरी नुकतीच बदललेली, तेव्हाचीच असेल म्हणून पुसून टाकली. सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं.

"बाई, गाडीत काही नाही. जरा दंडात जोर आणा," मी म्हटलं. वर हसत जोडलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" यजमान खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी यजमान एकटेच आले. "हिने गाडी सोडली. जीपने जाते, दोनदा बदलून. आता मीच चालवतो. पण खरं सांगू? मलाही जड जातं."

ते म्हणाले आणि मी लगेच बॉनेट उघडलं. बाईंनी सांगितलं तेव्हा का नाही उघडलं? याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि त्याची लाज वाटते.

गाडी चालू ठेवून यजमानांना जागेवरच स्टिअरिंग फिरवायला लावलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बॉडीला. आकडा शून्याजवळ हवा होता, तो दीड व्होल्टवर गेला. अर्थची वायर बॉडीला बसते तिथे खाऱ्या हवेने हिरवा चुरा धरला होता. उभी गाडी वळवताना स्टिअरिंगच्या मोटरला सगळ्यात जास्त करंट लागतो, आणि नेमका तेव्हाच तो अडत होता. पॉलिश पेपरने घासून नवा बोल्ट लावला. दहा मिनिटांचं काम.

गाडी मी स्वतः आगरला घेऊन गेलो. बाई ओट्यावर वह्या तपासत होत्या. किल्ली पुढे केली. "बाई, अंगणच वाकडं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती."

त्यांनी किल्ली घेतली नाही. दोन्ही दंडांवरून हात फिरवला.

"वर्षभर रोज तेल लावून चोळतेय मी हे दंड," त्या म्हणाल्या आणि पुढची वही उघडली.