ओळख कोण देणार?

दुसऱ्याच्या सातबाऱ्यात खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर जो तो विहीर खोदायला निघाला होता, आणि आमची सहकारी बँक कर्ज मंजूर करण्याआधी जमिनीचे कागद माझ्या टेबलावर पाठवायची. फेरफार नाही, बहिणीचं नाव उडवलंय, कूळ लागलंय, असे शेरे मारून मी ते परत करायचो. लोक मला नमस्कार करायचे आणि रस्ता बदलायचे. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी नऊ वर्षं स्वतःला बजावत होतो.

उमरग्यात मी भाड्याच्या खोलीत राहायचो, एकटा. लग्नाच्या वयात मी मुलीकडच्यांच्या माहितीतही खोट काढत बसलो. मग स्थळं यायचीच थांबली. घरमालक वाईट नव्हता. पण मुलाचं लग्न ठरल्यावर तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, पाडव्यापस्तोर खोली मोकळी करा. पोराला लागतीया." त्याचं बरोबर होतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्या घरातून मला कुणी ऊठ म्हणणार नाही असं घर घ्यायचं, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं.

तेव्हा गावाबाहेर, हैदराबाद रस्त्याच्या बाजूला, शेतं मोडून प्लॉट पडत होते. पहिलं घर मला पाहताक्षणी आवडलं. पण जमिनीचा निजामाच्या काळातला कागद उर्दूत होता, तो वाचून घ्यायला मी एका निवृत्त मुन्शींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "साहेब, ही इनामी जमीन हाय," ते म्हणाले, "दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेली. विकायचा हक कुनालाच न्हाय." ते घर सोडलं. दुसऱ्या घराचे कागद स्वच्छ निघाले, म्हणून मी टेप घेऊन महामार्गाच्या मध्यापासून मोजत गेलो. ट्रकवाले शिव्या घालत होते. रस्ता रुंद झाला की हद्द थेट स्वयंपाकघरातून जाणार होती. मालकाला दाखवलं तर तो हसला. "आवं, रस्ता रुंद हुईस्तोर तुमी-आमी ऱ्हातो का?" मी राहणार होतो, म्हणून तेही सोडलं.

तिसरं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे, मागे मोरी. मालक गुलबर्ग्याला मास्तर होता. मी तीस वर्षांचे फेरफार पाहिले, बिनशेतीचा हुकूम पाहिला, नकाशात गटार कुठून जातं ते पाहिलं, लगतच्या प्लॉटवाल्यांना हद्दीचे दगड दाखवायला लावले. दुष्काळी कामावर खणलेल्या नाल्याचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं, तेही शेजारच्या बाईंना विचारून घेतलं. कुठंच काही सापडेना. मला चक्क भीती वाटली. बँकेत मी अवाक्षर काढलं नाही, कारण बातमी फुटली की कुणीतरी हरकत घेतो, हे मी रोज पाहत होतो.

खरेदीखताच्या दिवशी मास्तर सकाळच्या एसटीनं आला. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज झालं नाही तर पुन्हा रजा काढून येणार नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. त्याची ओळख पटवायला दोन जुने शेजारी आले होते, एकमेकांची थट्टा करत. नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं मग माझ्याकडं पाहिलं.

"तुमची ओळख कोन देनार? वळखनारी दोगं लागतेत, सहीला. साहेब लई कडक हायत."

शेकडो दस्तांवर मी असल्या दोन सह्या तपासल्या होत्या. स्वतःला त्या लागतील हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

एक सही दस्त लिहिणाऱ्यानं दिली. कामानिमित्त त्याचा-माझा संबंध होता, तेवढं खरं होतं. दुसरीसाठी मी बँकेत धावलो. वसुलीचे दिवस होते, सगळे जीपनं खेड्यांवर गेलेले, आणि शिपाई आठवड्यापूर्वीच नोकरीला लागलेला. घरमालक लग्नाच्या बस्त्याला सोलापूरला. शेवटी ज्याच्याकडे नऊ वर्षं रोज चहा प्यायलो त्या हॉटेलवाल्याला गाठलं. तो गल्ल्यावरून आनंदानं उठला. कचेरीच्या पायरीवर थांबून म्हणाला, "चला की. पर साहेब, नाव काय सांगू तुमचं?"

सांगितलं असतं तर काम झालं असतं. मला ते तोंडातून काढवेना. मी त्याला परत पाठवलं.

कचेरीबाहेर कडुलिंबाखाली एक माणूस कायम बसलेला असायचा. तो कुणाचीही ओळख द्यायचा, त्यावरच त्याची भाकरी. असल्या सहीचा कागद मी कधी पुढं जाऊ दिला नसता. पण मास्तर घड्याळ बघत होता. मी त्या माणसापुढं जाऊन उभा राहिलो.

"बसा," तो म्हणाला. "साहेब उलटसुलट इचारतेत. मला सगळं ठाव पायजे."

नाव, गाव, बँकेतलं काम, बापाचं नाव. आई कशानं गेली? लग्न का न्हाय केलं? तो एकेक विचारायचा, उत्तर मनात घोळवायचा. मग म्हणाला, "वडलांचं घर?"

वडिलांनी गायरानात घर बांधलं होतं, तीन वर्षं दगड वाहून. जागा कुणाची हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. एका दुपारी मोजणी आली. दिवेलागणीला आम्ही पत्रे आणि भांडी घेऊन रस्त्यावर होतो. वडील त्यानंतर कुणाशी धड बोललेच नाहीत. हे मी उमरग्यात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

"म्हून एवढे कागद बघता व्हय," तो म्हणाला.

आत साहेबांनी त्याला एवढंच विचारलं, "कधीपासून ओळखता ह्यांना?"

"लई वर्सं झाली," त्यानं सांगितलं आणि सही ठोकली.

तासाभरात घर माझं झालं. मास्तरनं किल्ली हातात ठेवली आणि तो एसटीकडं पळाला. मी ती मुठीत धरून बराच वेळ कचेरीच्या आवारात उभा होतो. ही ओळख खोटी आहे, असं दुसऱ्याच्या कागदावर मी बेधडक लिहिलं असतं. पण खोटं म्हणायचं तरी कसं? त्या गावात मला त्याच्याइतकं ओळखणारं दुसरं कुणीच नव्हतं.