खिळ्यावरचा बॅज

गंगापूर रोडच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात यादवभाऊ एक्स-रे काढायचे. मखमलाबादच्या झेंडूच्या मळ्यातला माणूस, बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. रडकं पोर टेबलावर स्थिर राहत नसलं की भाऊ स्वतः त्याला धरायचे आणि पडद्यामागून लंकाबाई आया बटण दाबायच्या. पोराच्या आईला मात्र बाहेर पाठवायचे. "तुम्ही तरण्या बायका, तुम्हाला किरणं नकोत," म्हणायचे. स्वतःचं काय, हे काही त्यांच्या मनात यायचं नाही. शिशाचा एप्रन होता, पण घडीवर चिरलेला, आपला आहे म्हणायला होता.

एक्स-रेवाल्याने छातीला छोटा बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात उतरतं. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला तपासणीला जातो आणि आकडा हॉस्पिटलला येतो. एक्क्याण्णव साली भाऊ नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या आधीच्या भिकनचा आकडा जास्त आला होता. यंत्र तपासावं, जोडीला एक माणूस द्यावा, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. उलट भिकनलाच मेमो: काम निष्काळजीपणे करता. बिचारा कंटाळून वणीला निघून गेला.

ते पाहून यादवभाऊंनी शहाणपणा केला. कसला शहाणपणा, कपाळ! बाहेरच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला त्यांनी बॅज अडकवला, तो तिथेच राहिला. आकडा दर वेळी स्वच्छ. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी एकदा मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या.

दोन हजार चार साली भाऊंना ताप येऊ लागला. जाई, पुन्हा येई. बाहेरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी कमी होत चालल्या होत्या. "कशाने ते नक्की सांगता येत नाही, पण एक्स-रेपासून लांब राहा," ते म्हणाले. भाऊंनी अर्ज दिला, केसपेपरच्या खिडकीवर बसवा म्हणून.

साहेबांनी फाईल उघडली. "यादव, तेरा वर्षांत एकदाही आकडा वाढलेला नाही. तुमच्याइतका सुरक्षित माणूस या हॉस्पिटलात नाही."

खरं जिभेच्या टोकावर आलं होतं. भाऊ "बरं साहेब" म्हणून परत फिरले.

"खरं ते सांगून टाका ना," घरी त्यांची बायको छायाताई म्हणाल्या.

"सांगितलं तर आहे ती नोकरीही जाईल," भाऊ म्हणाले. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी बॅज खिळ्यावरून निघून छातीवर आला.

"भाऊ, आज नटलात लय! लगीन हाय का कुनाचं?" लंकाबाई म्हणाल्या.

"आता काय उतरायचं ते उतरू दे," भाऊ म्हणाले.

तीन महिने माणूस आशेवर जगला. आपला आकडा वाईट यावा म्हणून देवाला हात जोडणारा हा एकटाच असेल. आणि आला! मर्यादेच्या कितीतरी वर. भाऊंना खरंच आनंद झाला. इस्त्रीचा शर्ट घालून ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"तेरा वर्षं काही नाही, आणि बदलीचा अर्ज दिल्यावर बरोबर वाढलं?" साहेब म्हणाले. "मशीनखाली ठेवून दिलात ना बॅज?"

तेव्हा मात्र भाऊंनी सगळं सांगितलं. भिकनचा मेमो, कॅलेंडर, खिळा. "साहेब, आधीचे आकडे खोटे होते. हा खरा आहे."

"म्हणजे एकदा खोटं केलंत हे कबूल. मग दुसऱ्यांदा केलं नसेल कशावरून?"

मला तर त्या साहेबाचा संताप आजही येतो. मेमो मिळाला, भिकनला मिळाला होता तोच मजकूर. शिवाय खाली हुकूम: बॅज यापुढे ऑफिसच्या कपाटात राहील, तपासणीला ऑफिसच पाठवील. काम पूर्वीप्रमाणे चालू ठेवावे.

भाऊ खाली आले. एक बाई दीड वर्षाचं पोर घेऊन उभी होती. पोर खोकत होतं, हातपाय झाडत होतं. भाऊंनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि पोराला टेबलावर निजवून दोन्ही हातांनी धरलं.

पडद्यामागे लंकाबाईंचा हात बटणावर थांबला. त्यांना सगळं कळलं होतं.

"भाऊ... दाबू का?"

भाऊंनी छातीवरच्या, बॅज नसलेल्या खिशाकडे एकदा पाहिलं.

"दाबा बाई. पोर आत्ता शांत आहे."