अक्काची लातूरची खाट

डॉक्टरांनी अक्काची फाइल मिटली आणि म्हणाले, आता उपचार थांबवू, त्यांना त्रास होणार नाही एवढं बघू. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा माहूरच्या रेणुकामातेचाच विचार आला, आणि तो चांगला नव्हता. इतकी वर्षं नवरात्रात गड चढलो, अक्काने तर आयुष्यभर मंगळवार धरले, आणि तिच्याच पोटात हे दुखणं का, असं मी नांदेडच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून रेणुकाआईला विचारलं. खाली ऑटोवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. मी एका ऑटोत बसलो आणि कुठे जायचं ते सांगायलाच विसरलो.

अक्का माझी थोरली बहीण. आमची आई गेली तेव्हा मी रांगत होतो. इस्लापूरला आमचं घर होतं. अक्का स्वतः परकरी पोर, तरी मला कमरेवर घेऊन शेतात जायची, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत झोपवायची आणि कापूस वेचता वेचता गायची. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज वाऱ्याबरोबर आला की मी भ्यायचो. ती सांगायची, ती आपली आईच हाय, जात्यावर दळून राहिली. लग्न होऊन ती अहमदपूरला गेली तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली आणि सासरचे काही बोलायच्या आत माझं नाव शाळेत घातलं. पुढे मी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात लागलो. पण आई म्हणून मी ओळखलं ते तिलाच.

तिचा एकुलता एक मुलगा संजय. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्याचं आडतीचं दुकान आहे. त्याचं म्हणणं एकच, नांदेडमधल्या मोठ्या दवाखान्यात आयसीयूत ठेवू. मी तिथे जाऊन आलो. काचेपलीकडे नळ्या लावलेली माणसं होती आणि नातेवाइकांनी दिवसातून थोडा वेळच आत जायचं होतं. घरी नर्स पाठवणाऱ्या एकांनाही भेटलो. माणूस नम्र होता, पण रात्री कळ आली तर औषध कोण देणार, या प्रश्नावर तो विषय बदलत राहिला. मग ऑफिसातल्या एका बाईंनी लातूरचं एक केंद्र सुचवलं. बऱ्या न होणाऱ्या आजारात तिथे फक्त वेदना कमी करतात, माणसाला जपतात, असं त्या म्हणाल्या. संजय ऐकताच चिडला. "मामा, लोक म्हणतील, आईला नेऊन टाकलं." त्याच्या रागात किती भीती होती, ते मला दिसत होतं. मलाही तीच भीती होती.

तरीही एका मंगळवारी मी एसटीने लातूरला गेलो. वाटेत रेणुकाआईला म्हटलं, मी थकलोय, तुझ्या मनात काय आहे ते तरी कळू दे. म्हटलं खरं, पण त्यात श्रद्धेपेक्षा वैतागच जास्त होता.

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत होती, पुढे कडुनिंब. सिस्टर मला वॉर्ड दाखवत होत्या. मी विचारत होतो आणि त्या न कंटाळता सांगत होत्या: दुखण्यासाठी मॉर्फिन कसं देतात, रात्री कोण असतं, घरचं माणूस शेजारी राहू शकतं का, पेशंटला आपलं लुगडं नेसता येतं का. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरून एका म्हाताऱ्या बाईने मला हाक मारली. "दत्ता, आलास का रे?"

मी थबकलो. सिस्टर हळूच म्हणाल्या, "गयाबाई आहेत. दत्ता म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो कधीच वारला. आम्ही त्यांची चूक काढत नाही. बसता का थोडं?" मी बसलो. गयाबाईंनी माझा हात हातात घेतला आणि तोंडातल्या तोंडात गाऊ लागल्या. "माहूरची आई निघाली, इस्लापुरी थांबली, ओंजळभर पाणी प्याली."

हे गाणं आमच्या तिकडच्या चार गावांतल्या बायकांचं. मी ते अक्काच्या तोंडून ऐकलं होतं, आणि गाव सुटल्यावर दुसऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. नंतर कळलं की गयाबाईंचं माहेर आमच्याच किनवट तालुक्यातलं होतं, लग्न होऊन त्या उदगीरला आल्या होत्या. तेव्हा यात नवल काही नाही, असं कुणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. त्या खाटेवर बसून मी लहान मुलासारखा रडलो आणि गयाबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, एवढं मात्र खरं.

परतताना अहमदपूरला उतरलो. तोवर आम्ही कुणीच अक्काला काही सांगितलं नव्हतं. तिच्यापासून लपवून तिच्याचसाठी जागा शोधत हिंडत होतो. त्या दिवशी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तिथं दुखायचं थांबतंय का?"

"बरंच कमी होतं म्हणतात."

"आन् ती बाई आपलं गाणं म्हणती?"

"हाव, अक्का."

"मग मला तिकडं ने."

दारात संजय उभा होता. तो काही बोलायच्या आत तिने त्याला जवळ बोलावलं. "तू मला टाकून न्हाई राहिलास, बाबा. मीच माझ्या मनानं जाऊन राहिले. लोकांला मी सांगते की." संजयने तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून तिची गोधडी स्वतः घडी करून गाडीत ठेवली.

आम्ही लातूरला पोचलो तेव्हा खिडकीजवळची ती खाट रिकामी होती. आदल्या दिवशी सकाळी गयाबाई गेल्या होत्या. ज्या सोबतीच्या आशेवर अक्काला आणलं तीच नव्हती. रेणुकाआईने ही काय थट्टा केली, असं पुन्हा मनात आलं. चाचरत मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "तिचं समदं नीट झालं ना? मग मला तिच्याच खाटेवर निजव."

त्या खाटेवर अक्काने आपले शेवटचे दिवस काढले. औषधाने कळ ओसरली तसा तिचा चेहरा मला लहानपणी दिसायचा तसा दिसू लागला. तिला भूक लागायची, ज्वारीची आंबील मागायची. संजय दुकान सोडून तिच्याजवळ राहिला. एका दुपारी ती त्याला धबधब्याच्या, कापसाच्या, माझ्या खोड्यांच्या गोष्टी सांगत होती आणि मायलेक पोट धरून हसत होते. त्या गाण्याची मी विसरलेली कडवीही तिने म्हटली. सिस्टरनी ती ऐकायला शेजारच्या दोन बायांच्या खुर्च्या जवळ आणल्या. एका सकाळी चहाचा घोट घेऊन तिने संजयच्या खांद्यावर मान टाकली. त्याला वाटलं, डोळा लागला.

या गोष्टीला बरेच महिने झाले. संजयला आता कुणी काही विचारलं, तर तो मान वर करून लातूरचं नाव सांगतो. मी यंदा नवरात्रात गड चढलो तेव्हा काहीच मागितलं नाही. मागून मागून मी अक्काचा जीव मागितला होता, तो मिळणार नव्हता. पण तिला वेदनेतून सोडवणारे हात, ऐकणारी माणसं आणि जवळ बसलेलं लेकरू, हे मागायचं मला सुचलंही नव्हतं. चौकशी करणं, चार जागा बघणं, ज्याचं दुखणं त्याला विचारणं, एवढं माझं काम होतं, तेही मी उशिराच केलं. बाकीचं गडावरच्या आईने केलं. गर्दी मागून ढकलत होती, पुजारी पुढे सरका म्हणत होते. हात जोडून मी फक्त म्हटलं, आई, तू तिच्याकडे बघितलंस. आणि पुढे सरकलो.