दीड फुटी भिंत

खिडकीच्या गजाला फोन टेकवून अण्णा रोज संध्याकाळी माझ्या खोलीत पुण्याच्या नातीशी बोलायचे. त्यांच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. मधली दीड फुटी दगडी भिंत त्यांनीच बांधलेली, गवंडीकाम करायचे तेव्हा. वायफाय जोडायला आलेला माणूस म्हणाला होता, "काका, भिंत आहे का किल्ला?" अण्णा आठवडाभर खुशीत होते.

आता सांगूनच टाकतो. सिग्नल पलीकडे नेणारा छोटा डबा मी दिवाळीतच आणला होता आणि कपाटात स्वेटरखाली लपवला होता. अण्णा गुडघे धरत येतात हे दिसत होतं. पण फोन झाल्यावर ते घटकाभर बसायचे, आणि आम्ही बापलेक बोलायचो. त्याआधी कित्येक वर्षं जेवणापुरतंच बोललो होतो. भिंतीमुळे माणसं जवळ येतात, हे मला या वयात कळलं.

काल डबा त्यांच्यापुढे ठेवून सगळं कबूल केलं. "लबाडा," ते हसले, "लाव की मग!"

लावला. आज नातीशी बोलणं तिकडेच झालं, खणखणीत. मग काठीचा आवाज आला. अण्णा दारात उभे, हातात फोन नाही.

"सरक जरा," म्हणाले, "आणि चहा टाकायला सांग."